सत्तेचाळीस नंबरचा जोड

आमच्या कारखान्यात पाइपांचे दोन हजार दोनशे बारा जोड आहेत आणि ते सगळे सुरक्षित आहेत, असं दर नोव्हेंबरात मी लिहून द्यायचे. मी म्हणजे सुगंधा मयेकर, पदाने मानवी साक्षांकन अधिकारी. नाव भारदस्त आहे. काम एवढंच, की संगणकाने काढलेल्या आकड्यांखाली हाताने, शाईने सही ठोकायची. सन २०३८च्या कायद्याने यंत्राचा आकडा ग्राह्य धरला, पण त्याखाली एक जिवंत माणूस हवा अशी मेख कुणीतरी मारून ठेवली, म्हणून ही नोकरी शिल्लक राहिली, आणि सहा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली. पूर्वी या खात्यात चौदा तपासनीस होते. त्यांची टेबलं गेली, खुर्च्या गेल्या, एक लोखंडी कपाट आणि मी एवढंच उरलं.

कारखाना अमोनियाचा. देवगडच्या दक्षिणेला साळशिंगीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, तो उभा आहे. वाऱ्यावर आणि उन्हावर वीज करायची, विजेवर पाणी फोडून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया, आणि तो जेटीवरून जहाजांच्या पोटात इंधन म्हणून. खाली उतारावर साळशिंगी गाव, गावाची शाळा आणि आमची कॉलनी. वारा समुद्रावरून गावाकडे वाहतो. मोठा पाइप फुटला तर गावाला पळायला सात मिनिटं मिळतील, हे मला पाठ आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, असं आपण घरातल्या डब्यांवरून समजून चालतो. ते खरंच गंजत नाही. पण त्याला एक खोड आहे. ते ताणलेलं असेल, गरम असेल आणि वरून त्याला मीठ लागलं, तर ते गंजायच्या ऐवजी तडकतं. बाहेरून चकचकीत दिसतं आणि आत केसाएवढी चीर फाटे फोडत जाते. वेल्डिंगच्या जोडाशेजारी ताण कायमचाच असतो, कारण वितळलेला धातू थिजताना आजूबाजूच्या पोलादाला ओढून धरतो. उष्णता अमोनियाची, नव्वद अंश. राहिलं मीठ. ते पोचू नये म्हणून पाइपावर जाड खनिज लोकरीचं वेष्टण आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा.

चीर कोणत्या जोडाला आणि कधी पडेल, हे पूर्वी कुणालाच सांगता येत नसे. मग 'अदमास' आला. पुण्याच्या ओजस केतकर नावाच्या मुलाने, तेव्हा तो पोरगाच होता, हा प्रोग्राम लिहिला. त्याची कल्पना सरळ होती. प्रत्येक जोडाला संगणकात एक कोटी आयुष्यं जगायला लावायची. एका आयुष्यात हवा जास्त खारी, दुसऱ्यात वेल्डरचा हात जड, तिसऱ्यात पत्र्याला पोचा आलेला. यातल्या किती आयुष्यांत जोड वर्षभरात फुटला ते मोजायचं, म्हणजे धोका कळला. दहा लाखांत शंभरावर आकडा गेला तर जोड उघडून तपासायचा. त्याखाली असेल तर उघडायला बंदी, कारण पत्रा उघडला की खारी हवा आत शिरते आणि नसलेला धोका तयार होतो. नियम चुकीचा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. अदमास आल्यापासून अकरा वर्षांत आमच्या किनाऱ्यावर एकही पाइप फुटला नव्हता.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कारखाना देखभालीसाठी बंद झाला. पाइप थंड पडले. मंगळवारी सकाळी मी सवयीने लाइनीवरून चालत होते. त्याची गरज नव्हती, पण सही करायची त्या वस्तूकडे निदान एकदा बघावं एवढी लाज माझ्यात उरली होती. आठ इंची गरम लाइनीच्या एका खांबापाशी मला मुंग्यांची रांग दिसली. रांग खांबावरून चढत होती आणि पत्र्याच्या सांध्यात शिरत होती.

अमोनियाच्या पाइपात मुंग्यांचं काय काम, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. मी हातातल्या संगणकी पाटीवर जोडाचा नंबर दाबला. सत्तेचाळीस. धोका दहा लाखांत तीन. उघडायची परवानगी मागितली, ती अर्ध्या सेकंदात नाकारली गेली. पुन्हा मागितली आणि कारण म्हणून 'मुंग्या' असं लिहिलं. अदमासाच्या यादीत मुंग्या हे कारण नव्हतं, त्यामुळे उत्तर तेच आलं.

आमच्या घरात हट्टीपणा दोन पिढ्यांचा आहे. मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

पत्र्याच्या खालच्या अंगाला, जिथे वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही तिथे, पंजाएवढा एक तुकडा कापून पुन्हा बसवलेला होता. वर एकच स्क्रू. आतली लोकर तपकिरी पडून थापीव झाली होती. मुंग्या तिच्यात मुरलेलं काहीतरी खात होत्या. पाइपावर हळदीचा डाग होता, कुंकवाची बोटं होती आणि झेंडूची एक वाळलेली पाकळी चिकटली होती. लोकरीला नाक लावलं, तर वास आला आंबलेल्या नारळाच्या पाण्याचा.

सत्तेचाळीस नंबरचा जोड माझ्या बाबांनी मारलेला होता. सहदेव मयेकर हे वेल्डर म्हणून या किनाऱ्यावर नावाजलेले. २०२६ साली कारखाना उभा राहताना त्यांनी इथे मारलेला हा पहिला जोड, आणि पुढे दहा वर्षं ते घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याची कथा सांगत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची तसा हा जोडही पुजायचा, हेही मला माहीत होतं. पण २०३१ साली सुरक्षा खात्याने कारखान्यात पूजेला बंदी घातली आणि मला वाटलं होतं, संपलं. निवृत्त कामगारांना खंडेनवमीच्या दिवशी स्नेहभोजनाला आत सोडतात. बाबा दरवर्षी स्वच्छ सदरा घालून, पिशवी घेऊन जातात. पिशवीत काय असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

लोखंडी कपाटात तपासनिसांचे लाल रंगाचे जुने डबे होते. जोड पुसून त्यावर लाल रंग लावला, वीस मिनिटं थांबले, पुसला आणि वर पांढरी पूड फवारली. चीर असेल तर तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. तो उमटला. वेल्डिंगच्या पट्टीला लागून, भुईमुगाच्या मुळांसारखे तांबडे फाटे. ध्वनिलहरींनी खोली मोजली. आठ मिलिमीटरच्या भिंतीत चीर साडेसहा मिलिमीटर आत गेली होती.

हा जोड पुढल्या सोमवारी दाबाखाली जायचा होता.

घरी गेले तेव्हा बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी सरळ विचारलं आणि त्यांनी सरळ सांगितलं, खोटं बोलायची त्यांना सवय नाही. अकरा वेल्डर होते. प्रत्येकाचा एक पहिला जोड. बंदी आल्यावर त्यांनी पूजा सोडली नाही, लपवली. आधी पत्र्यावर नारळाचं पाणी घालायचे. पण मग त्यांना ते पटेना.

"पत्र्यार पाणी घातला तर जोडाक पावता काय?" बाबा म्हणाले. "पत्रो म्हणजे तेचा पांघरूण. पांघरूण घेवन कोण आंगोळ करता?"

म्हणून प्रत्येकाने आपल्या जोडापाशी पत्र्याला एक खिडकी कापली. दर खंडेनवमीला गाऱ्हाणं घालायचं, या जोडाला आणि त्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या पोराबाळांना पीडा नको म्हणून. कुंकू लावायचं, एका अख्ख्या नारळाचं पाणी ओतायचं, खिडकी बंद करायची. नारळाचं पाणी आपल्याला गोड लागतं, पण त्यात मिठाचा अंश चांगलाच असतो. गरम पाइपावर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. एका नारळाने काही होत नाही. पंधरा-सोळा नारळांचं मीठ एकाच ठिकाणी, लोकरीत मुरून, जोडाला चिकटून बसलं होतं. माझ्या बापाने जोडाला जपता जपता तो फोडत आणला होता.

मी हे त्यांना सांगितलं. कदाचित जरा जास्तच स्पष्ट सांगितलं. त्यांचा अडकित्ता थांबला.

"माझो जोड तडकूचो नाय," ते म्हणाले.

मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी बघायचं नाकारलं. मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, तुका सांगलं आसता तर तू बंद केलं आसतंस. मला फार लागलं ते. सहा वर्षं आम्ही एका घरात जेवत होतो, मी त्या पाइपांवर सही करत होते, आणि माझ्याच घरातून नारळ जात होता.

बुधवारी दुपारी ओजस केतकर पुण्याहून आला. आता तो चाळिशीला टेकलाय, पण अजून उभ्यानेच चहा पितो. कारखान्याचे व्यवस्थापक सबनीस यांच्या दालनात आम्ही तिघं बसलो. ओजसने लोकरीतलं मीठ मोजून आकडा अदमासाला दिला. सत्तेचाळीसचा धोका दहा लाखांत तीनवरून दहा लाखांत चार लाखांवर गेला. म्हणजे वर्षभरात फुटेल की नाही हे जवळजवळ छापा-काट्यावर.

ओजसचा चेहरा उतरला. अदमास खोटं बोलला नाही, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, असं तो म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं, असं मी म्हटलं. त्याने मान डोलावली. माणूस प्रामाणिक आहे.

प्रश्न उरला तो बाकीच्या दहा जोडांचा. ते कुठे आहेत हे ते मारणाऱ्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांची नावं बाबांनी सांगितली नव्हती. कोणता जोड कुणी मारला याची नोंद ठेकेदाराच्या नावाने होती, माणसांची नावं नव्हती. खिडक्या शोधाव्यात तर २०४४ साली निम्म्याहून जास्त लाइनीवर नवा पत्रा चढला होता आणि जुना पत्रा त्याखाली तसाच ठेवला होता. सगळे जोड उघडायचे तर नऊ आठवडे लागणार. जेटीवर सोमवारी जहाज येणार होतं.

सबनीस वाईट माणूस नाहीत. ते फक्त नेहमी घाईत असतात आणि त्यांची घाई दुसऱ्याच्या अंगावर येते. त्यांनी मला एकटीला थांबवून घेतलं. सत्तेचाळीस नंबर कापून नवा जोड बसवू, म्हणाले. अहवालात कारण लिहा खारी हवा. समुद्रकाठी राहतो आपण, कोण शंका घेणार? तुमच्या वडिलांचं नाव कुठेच येणार नाही. या वयात त्यांना चौकशीला उभं करायचंय का तुम्हाला?

मी मोठी बाणेदार आहे असं नाही. तो प्रस्ताव मला गोड लागला. दालनाबाहेर येऊन मी ओजसला विचारलं, खारी हवा असं लिहिलं तर काय होईल. त्याने करून दाखवलं. अदमासाने सगळ्या जोडांवरचं मीठ सारखंच थोडंथोडं वाढवलं. त्या दहा जोडांसकट सगळे दहा लाखांत पाच-सहावर आले. शंभराच्या कितीतरी खाली. म्हणजे ते जोड पुन्हा कुणी उघडणार नाही, आणि उघडायची बंदीही माझ्याच अहवालाने पक्की होणार.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं, सबनीसांच्या प्रस्तावासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खारी हवा म्हणान लिव आणि मोकळी हो. अकरा म्हाताऱ्यांची नावा कित्याक खराब करतंस?"

मला वाटलं होतं ते माझ्या बाजूने बोलतील. मी त्यांना म्हटलं, नाही लिहिणार. तुम्ही सांगा किंवा सांगू नका, मी नारळच लिहिणार, आणि बाकीचे जोड सापडेपर्यंत सही करणार नाही. ते उठून आत गेले. जाताना फोटो मात्र टेबलावरून घेऊन गेले.

गुरुवारी मी सबनीसांना लेखी नकार दिला. ते चिडले नाहीत, नुसते खांदे उडवले. नवा साक्षांकन अधिकारी नेमायला चार दिवस लागतात आणि मध्ये शनिवार-रविवार येतो, एवढाच त्यांचा अडथळा होता. सोमवारी जहाज थांबलं तर मंगळवारी कुणीतरी नवा माणूस मुंबईहून येईल, माझ्या खुर्चीत बसेल आणि सही करून संध्याकाळच्या गाडीने परत जाईल. मी घरी येऊन भाताचा कुकर लावला. बाबा ओसरीवर खिडकीशी उभे होते, डोळ्याला भिंग लावून फोटो बघत.

"जोड नाय तुटलो," ते म्हणाले. "बाजूचा लोखंड तुटला."

मी म्हटलं, हो. तुमच्या वेल्डिंगला काही झालेलं नाही. मीठ नसतं तर तो जोड आपल्या दोघांनंतरही टिकला असता.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते. मी हे पूर्वी एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा. "बाबलो परब जावन तीन वर्सां झाली," ते म्हणाले. "तेचो जोड खयचो, ता माका एकट्याक ठावक आसा. तो बाबलो माका इचारी, पाणी जास्त घालू? मी म्हणी, घाल. दोन-दोन नारळ घाली तो." मग म्हणाले, "माका काय झाला तर तो जोड कोणाक गावतलो?"

त्यांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. त्या संध्याकाळी ते दारोदार फिरले. कुणाशी काय बोलले, मला सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला कारखान्याच्या गेटवर दहा म्हातारे उभे होते. एकाला नातवाने स्कूटरवरून आणलं होतं, एकाच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. गेटवरचं यंत्र त्यांचे चेहरे ओळखत होतं आणि प्रत्येकाला तेच सांगत होतं, की प्रवेश फक्त खंडेनवमीला. रखवालदार माझ्याकडे बघायला लागला. मी सबनीसांना बोलावून घेतलं.

ते आले, म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊ लागले. मी बाजूला गेले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुम्हाला माझी सही हवी असेल तर गेट उघडा. नाहीतर जहाज रिकामं जाऊ दे, आणि ते रिकामं का गेलं हे मी गावात सांगते."

ते म्हणाले, अशी धमकी देणं माझ्या पदाला शोभत नाही. मी म्हटलं, खरंय, पण या पदाला आजवर शोभलेलं असं काहीच मी केलेलं नाही, तेव्हा सुरुवात करते. ओजस मागे उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, ही माणसं आत आली नाहीत तर अदमासाचा या कारखान्याचा आकडा मी स्वतः मागे घेतो. मला त्याची अपेक्षा नव्हती. सबनीसांनाही नव्हती.

शेवटी ते कबूल झाले, पण अटीवर. आत जाणाऱ्या प्रत्येकाने नाव सांगायचं, जोड दाखवायचा आणि बंदी मोडल्याचं कबूल करायचं. रेकॉर्डिंग होईल. म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाचा मुलगा इथे कंत्राटावर होता, कुणाची सून कँटीनमध्ये. एक जण तर परत फिरलाच होता.

बाबा कॅमेऱ्यासमोर गेले. टोपी काढून हातात घेतली. "सहदेव गणपत मयेकर," ते म्हणाले. "सत्तेचाळीस. सोळा नारळ. कोणाक इचारूक नाय, माझ्या मनान घातलंय."

मग बाकीचे एकेक करून पुढे झाले. परत फिरलेलाही आला.

दुपारपर्यंत लाइनीवर खडूच्या दहा फुल्या पडल्या. बाकीचे म्हातारे नंबर विसरले होते, पण जागा विसरले नव्हते. कुणी खांब मोजले, कुणी म्हणाला इथून माझ्या घराचं छप्पर दिसायचं. नवा पत्रा कापला की खाली जुनी खिडकी निघायची. ज्यांच्या खिडक्या नव्या पत्र्याखाली गेल्या होत्या, ते गेली तीन वर्षं बाजूला उभे राहून नुसता नमस्कार करत होते, असंही कळलं. दहांपैकी सहा जोड तडकलेले होते.

अकरावा जोड बाबलो परबांचा. बाबा पाण्याच्या टाकीपासून निघाले, ओठ हलवत सतरा खांब मोजले, थांबले, दोन पावलं मागे आले आणि पत्र्यावर तळवा ठेवला. तेराशे सहा नंबर. त्याच्या बरोबर खाली सडा संपतो आणि शाळेचं मैदान सुरू होतं. मधली सुट्टी होती, खालून पोरांचा आवाज येत होता. आम्ही पत्रा कापला, रंग लावला, पूड मारली. चीर पाइपाच्या निम्म्या घेरावर पसरली होती. खोली मोजली तेव्हा आठातला अर्धा मिलिमीटर शिल्लक होता.

ओजसने आकडा काढायला लॅपटॉप उघडला आणि परत मिटला. सबनीस मैदानाकडे बघत उभे राहिले. नंतर त्यांनी जेटीला फोन करून सोमवारचं जहाज रद्द करायला सांगितलं, आणि त्यासाठी मी त्यांना मनातून एक नमस्कार केला.

सात जोड कापून नवे बसवायला, तपासायला अकरा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत सबनीसांना वरून काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना मला बाराव्या दिवशी आली. त्या दिवशी सहीसाठी अहवाल माझ्यासमोर आला. कायद्याने तो कागदावरच असतो, एकच मूळ प्रत, आणि ती तशीच्या तशी सरकारी निरीक्षकाकडे जाते. बाबांनाही जबाबासाठी यंत्रावर अंगठा उमटवायला बोलावलं होतं, ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मूळ कारणाच्या रकान्यात छापलं होतं, 'सेवानिवृत्त कामगारांचे नियमबाह्य कृत्य'. त्याखाली काही नव्हतं. अकराही जणांचे खंडेनवमीचे पास कायमचे रद्द झाल्याची पत्रं आदल्या दिवशी गेली होती. बाबलो परबांच्या घरीही गेलं होतं. त्यांच्या बायकोने ते वाचून घ्यायला शेजारणीला बोलावलं होतं.

मी पेन उघडलं आणि छापलेली ओळ खोडली. त्याखाली लिहिलं: 'नारळाचं पाणी. माझ्या वडिलांनी आणि इतर दहा वेल्डरांनी ते जोडांच्या काळजीपोटी घातलं. पूजेला बंदी घातल्यावर ते काय करतात हे कुणी विचारलं नाही. अकरा वर्षं कुणी जोड उघडले नाहीत. त्यांतली सहा वर्षं आत न बघता सही करणारी अधिकारी मी होते.'

सबनीसांनी उलटं वाचलं. त्यांचा आवाज खाली आला. "मयेकर मॅडम, हे असं गेलं तर ही तुमची इथली शेवटची सही."

मी म्हटलं, मला कल्पना आहे, आणि सही केली. सहा वर्षांत पहिल्यांदा मला माहीत होतं की मी कशावर सही करतेय.

बाबांनी कागद आपल्याकडे वळवला. डोळे बारीक करून सगळं वाचलं. त्यांना बराच वेळ लागला. "हय माझी सही खय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तुमचा रकाना यात नाही, वेल्डरांचा रकाना कधीच नव्हता.

"मग समासात करतंय," ते म्हणाले आणि माझ्या हातून पेन घेतलं.

त्यांनी आपलं नाव लिहिलं, पुढे जोडाचा नंबर. मग थांबले नाहीत. खाली बाबलो अर्जुन परब, तेराशे सहा. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, प्रत्येकाचं बापासकट नाव आणि प्रत्येकाचा जोड. दहाव्या नावापाशी डावा समास संपला, तेव्हा त्यांनी कागद आडवा केला आणि अकरावं वरच्या कडेला लिहिलं. सबनीस ते सगळं बघत होते. शेवटचं अक्षर झालं तसा त्यांनी कागद ओढून घ्यायला हात पुढे केला.

मी कागदावर पंजा ठेवला. म्हटलं, थांबा, शाई वाळू दे.